देवासची फियाट : प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

गाडी आली एकदाची. इंदूरहून देवास काही लांब नाही, पण चारही चाकं जाम असलेली गाडी ओढून आणता येत नाही, उचलूनच आणावी लागते, म्हणून सपाट प्लॅटफॉर्मवाली क्रेन केली, ३,२०० घेतले त्यानं. आता इंदूरला दादाच्या लोकमान्य नगरच्या घरी पोर्चमध्ये उभी आहे. प्रीमियर पद्मिनी, १९८६ ची. आमच्याकडे सगळे तिला फियाटच म्हणतात, मीही तेच लिहिणार.

गाडी मावशीच्या यजमानांची, आम्ही त्यांना काका म्हणायचो. काका गेले आणि २०२१ च्या पावसाळ्यापासून ती अंगणातल्या कडुनिंबाखाली तशीच राहिली. भंगारवाला वजनावर २२,००० देत होता. मी म्हटलं मावशी तेवढे मी देते, तर म्हणे अगं तुझ्याकडून कसले पैसे घ्यायचे, शेवटी दादानं मध्ये पडून तिच्या हातात ठेवले तेव्हा घेतले.

बजेट गाडीसकट १,५०,०००. कर्ज नाही, उधारी नाही, पगारातून जसे उरतील तसे. मला शोरूमसारखी चमकणारी गाडी नकोय, मला ती रोज कॉलेजला नेता यायला हवी आणि पावसात उभी राहिली तरी खालून सडायला नको. एका पेंटरला दाखवली तर तो म्हणाला, "दीदी, पुट्टी मारके चकाचक कर देंगे, पैंसठ हजार." मी विचारलं खालचा पत्रा? तर म्हणे, "नीचे कौन देखता है?" माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. गाडी मरते ती खालूनच मरते. म्हणून पैशाचा क्रम आजच ठरवून टाकला: आधी तळ आणि फुटबोर्ड, मग ब्रेक, मग इंजिन-टाकी, मग वायरिंग, आणि रंग सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशात बसेल तसा.

१७ नोव्हेंबर

आज नुसती तपासणी. छोटं लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून सगळ्या बॉडीवरून फिरवलं, चिकटलं तिथे पत्रा, घसरलं तिथे पुट्टी. भाचा मागून खडूनं खुणा करत होता. छत, बोनेट, डिकीचं झाकण चांगलं निघालं. वाईट जागा म्हणजे दारांच्या खालच्या कडा, मागच्या मडगार्डच्या कमानी, बॅटरीचा ट्रे, ड्रायव्हरच्या पायाखालचा तळ, आणि सगळ्यात वाईट दोन्ही फुटबोर्ड, म्हणजे दारांखालची ती लांब पोकळ पेटी.

ड्रायव्हरच्या बाजूचा फुटबोर्ड ग्राइंडरला कप ब्रश लावून उघडा केला. वर पांढरा रंग, त्याखाली क्रीम, त्याखाली कंपनीचा मूळ फिकट राखाडी-निळा, मग जवळजवळ बोटभर जाडीची पुट्टी. पुट्टीखाली गुळगुळीत पत्रा लागला तेव्हा वाटलं चला, वाचलं काहीतरी. पण तो पत्रा तेलाच्या डब्याचा होता! कापून, सरळ करून, चार रिबिटांनी ठोकलेला, आतल्या बाजूला पिवळी-हिरवी छपाई अजून शाबूत. तो उचकटला तर मागे फुटबोर्ड असा नाहीच, नुसते तपकिरी पापुद्रे, बोटानं दाबले की भुकटी. ओंजळ ओंजळ काढली. हे काम ज्यानं कुणी केलं त्यानं काकांकडून पैसे घेतलेच असणार आणि काका वर्षानुवर्षं मुलाबाळांना घेऊन या गाडीतून हिंडले, ह्याचा मला खरंच राग आला.

राग यायचं कारण सांगते. फियाटला जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते. बॉडी हीच चासी. सगळा भार तळ, फुटबोर्ड आणि दारांमधले खांब मिळून पेलतात, त्यामुळे फुटबोर्ड सडला म्हणजे शोभेची पट्टी गेली असं नाही, गाडीचं हाड गेलं.

२४ नोव्हेंबर

सीटा, मॅट, दारांचे पॅड सगळं बाहेर. मॅटखालचा जुना नमदा तीन वर्षांनंतरही खालच्या बाजूनं दमट होता. दारांच्या तळाशी पाणी निघायला छोटी भोकं असतात, ती कडुनिंबाच्या काड्या-पाल्यानं गच्च बुजलेली. काचेवरून आत उतरलेलं पाणी दारातच साठत राहिलं आणि दार आतून सडलं, बाहेरून पत्ता नाही.

मी केमिस्ट्री शिकवते म्हणून थोडं लिहून ठेवते, भाच्यालाही हेच सांगितलं. गंजायला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन तिन्ही लागतात. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्ड केलेले असतात तिथे फटीत पाणी ओढलं जातं आणि राहतं. फटीच्या तोंडाशी हवा भरपूर, आत कमी, ह्या फरकामुळेच आतला, हवा कमी मिळणारा भाग ॲनोड होतो आणि तोच झिजतो. म्हणून गंज नेहमी दिसतो त्यापेक्षा आत जास्त असतो. त्यात गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो दोन पत्र्यांना फाकवतो, फट मोठी होते, अजून पाणी शिरतं. वरून पुट्टी थापली तर पुट्टी स्वतः पाणी शोषते आणि ते ओलं पत्र्याला चिकटवून धरते. म्हणजे पुट्टीनं गंज थांबत नाही, वाढतो. सडलेला भाग कापायचा आणि नवा पत्रा लावायचा, दुसरा उपाय नाही.

८ डिसेंबर

छोट्या भागांसाठी इलेक्ट्रोलिसिस लावलं. खर्च जवळजवळ शून्य आणि बिजागऱ्या, ब्रॅकेट, बॅटरीचा क्लॅम्प, सीटचे रूळ ह्यांना ह्याच्याइतकं चांगलं काही नाही. प्लास्टिकचा मोठा टब, पाण्यात धुण्याचा सोडा (खायचा नाही, धुण्याचा) लिटरमागे एक मोठा चमचा, आणि दादाकडचा जुना १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. निगेटिव्ह गंजलेल्या भागाला, पॉझिटिव्ह साध्या लोखंडी सळीला. उलटं लावलं तर आपला भागच विरघळेल. सळ्या टबच्या चारी बाजूंना ठेवून एकमेकींना जोडल्या, कारण जी बाजू सळीसमोर असते तीच नीट साफ होते.

दोन गोष्टी महत्त्वाच्या. सळीच्या जागी स्टेनलेस स्टील अजिबात वापरायचं नाही, त्यातल्या क्रोमियममुळे पाण्यात विषारी संयुगं तयार होतात. आणि टबमधून हायड्रोजन निघतो म्हणून बंद खोलीत करायचं नाही, क्लिप काढण्याआधी चार्जर बंद करायचा. स्प्रिंगा आणि ताणाखाली असणारे कडक बोल्टही टबात घातले नाहीत, हायड्रोजन शिरून असं पोलाद ठिसूळ होऊ शकतं, ते वायर ब्रशनंच साफ केले.

रात्रभरात बिजागरी काळी होऊन निघाली, काळा थर ब्रशनं धुतला की खाली राखाडी धातू, अगदी काठांपर्यंत. लगेच पुसून, हेअर ड्रायरनं वाळवून प्रायमर मारायचं, असंच सोडलं तर तासाभरात पुन्हा तांबूस होतं.

२२ डिसेंबर

इंजिन. १०८९ सीसी, चार सिलिंडर, ६८ मिमी बोअर आणि ७५ मिमी स्ट्रोक, साधं दणकट इंजिन आहे, उघडायला कुठलंही खास हत्यार लागत नाही. फिरत नव्हतं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल (ते लाल एटीएफ) आणि ॲसिटोन अर्धं अर्धं मिसळून ओतून ठेवलं होतं, अधूनमधून अजून थोडं घालत होतो. आज क्रँकच्या पुलीवरच्या नटाला लांब पान्हा लावून दादानं हळूहळू आधी मागे मग पुढे असं केलं, जोर न करता, आणि एका क्षणी हललं. भाचा ओरडलाच. अख्खा फेरा फिरवल्यावर प्लगच्या भोकांतून लालसर काळं तेल उडालं आणि दादाचा शर्ट गेला, वहिनी काही बोलल्या नाहीत म्हणजे त्यांनाही आनंद झालेला असणार.

५ जानेवारी २०२५

उस्ताद येऊन गेले. पाटणीपुऱ्याच्या बाजूला त्यांचं गॅरेज होतं, आता मुलानं दुचाकींचं काम धरलंय, पण फियाट म्हटल्यावर स्वतः आले. तेल बदलून स्टार्टरवर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, बघितलं: १०५, ११०, ६०, १०८. तिसऱ्यात चमचाभर तेल घालून पुन्हा बघितलं तरी ६० च, म्हणजे रिंगा नाहीत, व्हॉल्व. "बेटा, हेड उतारेंगे, लैपिंग कर देंगे, नया इंजन मत करवाना किसी के कहने से." दुसऱ्या एका ठिकाणी मला बोअरिंग, पिस्टन, बेअरिंग धरून ४५,००० सांगितले होते. उस्तादांचं हेड गॅस्केट, व्हॉल्व, लॅपिंग (व्हॉल्व घासून नीट बसवणं), टॅपेट, पॉइंट-कंडेन्सर, मजुरी सगळं धरून १४,८०० मध्ये झालं. कॉम्प्रेशन मोजायच्या आधी इंजिन कामाला काढू नका हे कुणालाही सांगेन.

कागदांचं पण आजच लिहून ठेवते. १९८६ ची गाडी, पहिली १५ वर्षं २००१ ला संपली, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण, काकांनी २०२१ मध्ये शेवटचं केलं होतं, म्हणजे २०२६ पर्यंत नोंदणी जिवंत आहे. नशीबच. नोंदणी संपलेली असती तर उशिराचा दंड महिन्यागणिक वाढतो. जुनी गाडी घेणाऱ्यांनी पत्रा नंतर बघावा, आधी हे बघावं. काका वारल्यामुळे आधी फॉर्म ३१ नं मावशीच्या नावावर आणि मग २९-३० नं माझ्या नावावर. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला पैसे बाजूला ठेवायचे आहेत, २०२२ मध्ये फी ६०० ची ५,००० झाली होती.

१४ जानेवारी

संक्रांत. काम नाही. मावशी देवासहून तिळाच्या वड्या घेऊन आली, पोर्चमध्ये गेली, सीट नसलेली गाडी बघितली आणि "काय गं हे, होतं तेवढंही काढून टाकलंस" म्हणाली. तिला तेलाच्या डब्याचा तो पत्रा दाखवला. बराच वेळ हातात धरून बघत होती. मग म्हणाली, "ह्यांना नको होतं गं असं फसवायला."

२६ जानेवारी

झेंडावंदन करून थेट गाडीवर. गेला पंधरवडा सगळा पत्र्याचाच चाललाय आणि हेच ह्या प्रकल्पाचं पोट आहे, म्हणून सविस्तर.

पत्रा लोहा मंडीतून आणला. तळासाठी २० गेज म्हणजे ०.९ मिमी, फुटबोर्डसाठी १८ गेज म्हणजे १.२ मिमी. सीआर (थंड लाटलेली) शीटच घ्यायची, गुळगुळीत राखाडी, एचआर (गरम लाटलेली) घेऊ नये, तिच्यावर काळी पपडी असते आणि ती खरवडण्यात दिवस जातो. ८ बाय ४ फुटांची २० गेजची शीट साधारण २१ किलो भरते. शीट आणि अँगल मिळून ३,६०० झाले. तयार फुटबोर्ड मिळतात मुंबईकडे, पण ट्रान्सपोर्ट धरून परवडत नव्हते, आणि आकार काही अवघड नाही, दोन लांब वाक आणि एक गोलाई. जुना फुटबोर्ड कापायच्या आधी प्रवासी बाजूच्या शाबूत तुकड्यावर पुठ्ठा धरून साचा काढला आणि पत्रा वाकवणाऱ्याकडून यंत्रावर वाकवून आणला.

आता मुख्य गोष्ट. फुटबोर्ड कापला की गाडी मधून खचू शकते आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. म्हणून कापायच्या आधी चार कामं केली. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली पण घोड्या बॉडीखाली न लावता मागच्या अॅक्सलखाली आणि पुढच्या सस्पेन्शनखाली लावल्या, म्हणजे चाकांवर उभी असताना जसं वजन असतं तसंच राहील. दारं बंद करून चारी बाजूंच्या फटी मोजून मास्किंग टेपवर तिथल्या तिथे लिहून ठेवल्या, वर ५ मिमी, मागे ६, खाली ५ असं. मग दारं काढून दारांच्या चौकटीत तिरपे अँगल वेल्डिंगचा टाका मारून पक्के केले. आणि एका वेळी एकच बाजू, दुसरी बाजू कापायची नाही जोवर पहिली पूर्ण होत नाही.

वेल्डर सांवेर रोडच्या कारखान्यात काम करतात, सुट्टीच्या दिवशी स्वतःचं सीओटू वेल्डिंगचं मशीन घेऊन येतात, आम्ही मामा म्हणतो. साध्या आर्क रॉडनं हा पत्रा जळून भोक पडतं, गॅस वेल्डिंगची उष्णता लांबवर पसरून पत्रा वेडावाकडा होतो, पातळ पत्र्याला सीओटूच बरं. मामांनी विचारलं, "मैडम, एक लाइन में खींच दूँ?" मी म्हटलं नाही मामा, एक टाका इथे, पुढचा हातभर लांब, मग पुन्हा मध्ये. सलग ओढलं की एकाच जागी उष्णता साठते आणि पत्रा पापडासारखा उठतो. "टाइम लगेगा," म्हणाले. लागू दे. दोन टाक्यांच्या मध्ये हात लावून बघायचे, हात ठरला तरच पुढचा टाका, पाणी मारून थंड करायचं नाही. सगळे टाके एकमेकांना भिडले तोवर दुपार झाली होती, मधून वहिनींनी पोहे आणून दिले तेव्हा मामांनी चष्मा काढला आणि स्वतःहून म्हणाले की बरोबर केलं, सरळ राहिलंय.

जिथे पत्रा पत्र्यावर बसतो तिथे आधी जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर मारला, नाहीतर तीच फट पुन्हा आतून सडणार. पेटी बंद करण्याआधी आतली बाजू प्रायमरनं रंगवली. आणि पाणी निघायची भोकं जुन्या जागीच ठेवली, भाच्यानं ती मोजून ड्रिल केली.

दार परत लावलं. फटी ५, ६, ५. टेपवरच्या आकड्यांशी जुळल्या.

१६ फेब्रुवारी

दुसरी बाजू, तळ, बॅटरीचा ट्रे, मडगार्डच्या कमानी झाल्या. मामांचे एकूण १६,५०० झाले. मला विचाराल तर ह्या गाडीवर खर्च केलेले सगळ्यात चांगले पैसे हेच, आणि रंग झाल्यावर ह्यातलं काहीच दिसणार नाही.

सुट्या भागांचं थोडंसं. सियागंजच्या बाजारात विचारलं की आधी सगळे "फियाट का? बंद हो गया" म्हणतात आणि मग त्यातलाच कुणीतरी आतल्या माळ्यावरून धूळ खात पडलेलं खोकं काढून आणतो, इंडिकेटरची काच आणि दोन्ही कडांचे बिडिंग असेच मिळाले. बाकी मुंबईहून मागवलं, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या बाजारातून. ही गाडी मुळात कुर्ल्याचीच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आधी अमेरिकन डॉज-प्लिमथ जोडायचे, १९५४ पासून फियाट ११००, तीच पुढे नावं बदलत सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. त्या गेल्याचं वाईट वाटतं, पण माझ्या गाडीचा डावा डोअर हँडल आणि हॉर्नची रिंग जुन्या मालातूनच आलीय, तो माल संपायच्या आत लोकांनी आपापल्या गाड्या हातात घ्याव्यात असं मला मनापासून वाटतं.

१९ मार्च

रंगपंचमी. राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, शहर बंद. गाडीवर दोन ताडपत्र्या, उघड्या पत्र्यावर रंगाचं पाणी पडायला नको.

२३ मार्च

ब्रेक. चारही चाकांना ड्रम आणि एकच सर्किट, म्हणजे एक पाइप फुटला तर चारही ब्रेक जातात, म्हणून इथे "चालतंय अजून" असं काही ठेवायचं नाही. मास्टर सिलिंडर नवा, चारही चाकांचे व्हील सिलिंडर नवे, रबरी होज नवे, लोखंडी पाइप मागचा अख्खा नवा. ब्रेक शूंना फक्त लायनर चिकटवून घेतले, शू चांगले होते. ड्रम लेथवर हलकेच घासून घेतले. एकूण ११,३००. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि मग सिलिंडर आतून गंजतात, उभ्या गाडीचे ब्रेक जाम होतात ते ह्याच्यामुळे. दर दोन वर्षांनी बदलायचं, डॅशबोर्डच्या आत तारीख लिहून ठेवलीय.

एका दुकानानं व्हील सिलिंडरचं किट दुसऱ्याच गाडीचं दिलं होतं, पाकिटावर नाव बरोबर पण वॉशर मिलिमीटरभर लहान. उस्तादांनी बोटावर फिरवूनच ओळखलं. कॅलिपरनं मोजल्याशिवाय ब्रेकचं रबर बसवू नये.

६ एप्रिल

रामनवमी आणि इंजिन चालू झालं!

त्याआधी टाकी. जुनं पेट्रोल डिंकासारखं झालेलं, काढून टाकलं, टाकीत मूठ-दोन मूठ नटबोल्ट घालून हलवली, मग सायट्रिक ॲसिडचं गरम पाणी भरून ठेवलं, मग सोड्याच्या पाण्यानं धुतली, वाळवली आणि लगेच आतून तेल फिरवलं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेलीच नाही. इथेनॉल जुनं रबर फुगवतं-सडवतं आणि पाणी ओढतं. म्हणून सगळे पाइप इथेनॉल चालणारे घातले, पंपाचा डायफ्रॅम बदलला, टाकी आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक फिल्टर लावला म्हणजे गंज आला तर दिसेल. गाडी आठवड्यातून एकदा तरी चालवायची आणि टाकी अर्ध्याच्या खाली उभी ठेवायची नाही, रिकाम्या टाकीत ओल धरते. पेट्रोलची काळजी हा आता जुनी गाडी ठेवण्याचा कायमचा भाग आहे.

प्लगच्या वायरी १-३-४-२ लावल्या, पॉइंटचा गॅप फीलर गेजनं बघितला, उस्तादांनी कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात धरून दोनदा स्टार्टर मारायला सांगितला, हात काढला आणि धरलं. आधी तीन सिलिंडरवर, मग चौथा आला. दादानं मावशीला फोन लावून फोन बोनेटजवळ धरला.

२० एप्रिल

इपॉक्सी प्रायमर मी आणि भाच्यानं मारला, कॉम्प्रेसर भाड्यानं. लाल ऑक्साइडचा प्रायमर स्वस्त पडतो आणि सगळे तोच सुचवतात, पण तो पाणी पूर्ण अडवत नाही. आधी इपॉक्सी, त्याच्यावर गरज असेल तिथे पातळ पुट्टी, उघड्या पत्र्यावर थेट पुट्टी कुठेच नाही. पुट्टी हा शत्रू नाही, तिची जागा एक-दोन मिलिमीटरच्या खळग्यात आहे एवढंच. मग पाणी लावून घासायचा वॉटर पेपर, १२०, २२०, ४०० नंबरचा. खांदे भरून आले.

११ मे

रंग. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग स्वस्त, पण उन्हात लवकर मरतो. पीयू (पॉलियुरेथेन) टिकतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फुप्फुसाला फार वाईट आणि नुसत्या कापडी रुमालानं काही होत नाही, त्यामुळे घरी मारायला मी ठाम नकार दिला. बूथ असलेल्या एका पेंटरला दिला, तयार प्रायमर केलेली बॉडी मिळाल्यामुळे २४,००० त झालं. पहाटे मारला, दुपारच्या ४० अंशांत थिनर हवेतच उडून रंग खरखरीत बसतो. रंग मूळचाच, फिकट राखाडी-निळा, डॅशबोर्डच्या मागे ऊन न लागलेला तुकडा होता त्याच्यावरून जुळवला.

१ जून

पेटीच्या आतलं शेवटचं काम. पांढरं मेण, ग्रीस आणि टर्पेंटाइन गरम पाण्यात भांडं ठेवून पातळ केलं (थेट ज्योतीवर कधीच नाही, पेट घेतं) आणि लांब नळी लावून फुटबोर्डात, दारांच्या आत, खांबांत फवारलं. खालच्या भोकांतून थेंब टपकायला लागले म्हणजे आत पोहोचलं आणि भोकंही मोकळी आहेत. ९०० रुपयांत झालं. खालून डांबराचं कोटिंग मात्र नाही केलं. गंजावर डांबर बसलं की ओल आतच अडकते आणि वर्षांनी कळतं.

१५ जून

मावशीला घेऊन देवासला जाऊन आलो, ती पुढच्या सीटवर, भाचा मागे. चढावर तिसऱ्या गिअरला उतरवावी लागते, ब्रेक सरळ लागतात, डावीकडे ओढत नाही. शिप्राजवळ चहाला थांबलो तर लोक गोळा झाले, मावशी सगळ्यांना फुटबोर्ड वाकून बघायला लावत होती.

हिशेब: एकूण १,४७,३००. मोठे आकडे वर दिलेच आहेत, त्यात टायर १३,६००, वायरिंग ५,२००, बॅटरी ४,८००, प्रायमर-पुट्टी-कागद ९,४००, टाकी-पाइप-पंप ४,९००, कागदपत्रं आणि विमा ६,०००, रबर आणि किरकोळ ७,१०० मिळवा. मजुरीत घरच्यांची मेहनत धरलेली नाही.

बाकी राहिलेलं: बंपरचं क्रोम तसंच आहे, ते पुढच्या वर्षी. मागच्या डाव्या दाराला नळीनं पाणी मारून बघितलं तर काचेच्या रबराच्या कोपऱ्यातून आत येतंय, पाणी दारातून खाली निघून जातंय पण तरी रबर मागवलंय. ते येईपर्यंत आभाळ भरलं तर त्या कोपऱ्यावर पट्टी लावायची, आणि दर रविवारी दारांखालची भोकं काडीनं मोकळी करायची, हे काम भाच्याकडे.